इसाराचे पाच हजार

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. ही तारीख बहुतेकांच्या लक्षात राहिली ती दुसऱ्याच कारणानं. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर बोलले आणि मध्यरात्रीपासून सगळा देश बंद झाला. आमच्या घरात मात्र ती तारीख जानेवारीपासूनच ठरलेली होती. पाडव्याच्या मुहूर्तावर दादा नाशिकहून भाताचा हलर आणणार होता. इसार म्हणून दुकानदाराला पाच हजार रुपये फेब्रुवारीतच देऊन झाले होते.

आमचा पाडा पेठ तालुक्यात, नाशिकहून गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्याला सावळघाटाच्या पलीकडे आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात हंड्याहंड्यानं पाणी. भात, नागली, वरई, उडीद ही पिकं. भात निघाला की निम्मा पाडा मजुरीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातो, काही जण गुजरातेत जातात, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पाड्यावर हलर नव्हता. भात सडायचा तर पोतं काळीपिवळी जीपच्या टपावर टाकून शेजारच्या मोठ्या गावात न्यायचं, तिथं नंबर लावायचा, संध्याकाळी परत. एका पोत्यामागं एका बाईचा अख्खा दिवस जायचा. दादा नाशिकला एका व्यापाऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. त्याचं म्हणणं साधं होतं. हलर पाड्यावर आला तर बायकांचा दिवस वाचेल आणि त्याला घाट चढून नोकरीला जावं लागणार नाही.

हलर आणि जुनं डिझेल इंजिन मिळून खर्च ब्याण्णव हजार. दादाकडे इसार धरून चाळीस हजार होते. आईच्या बचत गटाकडून बावीस मिळणार होते. उरलेले तीस हजार मी देणार होते. मी तेव्हा अंबड एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात हिशेब बघायचे. माझ्या खात्यात छत्तीस हजार होते. आयुष्यातली पहिली शिल्लक.

एप्रिलमध्ये मी पाड्यावरच अडकले होते. अर्धा पगार येत होता. जूनमध्ये दुकानं उघडल्यावर दादानं विचारलं, ‘मग आणायचा ना?’ मी म्हणाले, ‘थांब. आत्ता नको.’ तो गप्प बसला. मी मोबाइलवर केलेला हिशेब त्याला दाखवला. किती पोती आली तर किती सुटतील, डिझेल किती लागेल, हप्ता किती. तो हिशेब बरोबर होता. तरीही गेली काही वर्षं तोच हिशेब माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा उघडतो, आणि त्यातून एक प्रश्न निघतो. उद्याचं काहीच दिसत नाही अशा काळात पैसा अडवून धरणं हे शहाणपण असतं की पळ काढणं?

सगळेच थांबले होते

आधी स्वतःच्या बाजूनं बोलते. त्या काळात थांबलेली मी एकटी नव्हते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज सरकारनं दिला. यंत्रं, इमारती, कारखाने यांत होणारी नवी गुंतवणूक तर जवळजवळ निम्म्यावर आली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत त्याच तिमाहीत कारखान्यांची निम्म्याहून कमी क्षमता वापरात होती. ज्याची आहेत तीच यंत्रं बंद पडून आहेत, तो नवं यंत्र कशाला घेईल?

पैसा मात्र स्वस्त झाला होता. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर २७ मार्चला ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला, २२ मे रोजी ४ टक्क्यांवर. कर्जाचे हप्ते आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत पुढं ढकलायची सवलत मिळाली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला होता, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर. पुस्तकात शिकवतात त्याप्रमाणे व्याज कमी, कर कमी, म्हणजे गुंतवणूक वाढायला हवी. ती वाढली नाही.

असं का होतं याचं एक उत्तर शंभर वर्षं जुनं आहे. फ्रँक नाइट नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. लुडोच्या फाशावर सहा पडायची शक्यता किती, हे आपल्याला ठाऊक असतं. ती जोखीम. पण फाशाला बाजू किती आहेत हेच माहीत नसेल तर ती अनिश्चितता. पेठच्या शेतकऱ्याला जोखीम नवी नाही. आवणीच्या वेळी पाऊस दडी मारेल, काढणीच्या वेळी बेमोसमी येईल, हे त्यानं दहा वेळा भोगलंय आणि त्याचा अंदाजही त्याच्याकडे असतो. २०२० मध्ये आलं ते वेगळंच होतं. आमच्या आजीच्या आठवणीतही त्याला तोड नव्हती.

दुसरं उत्तर बेन बर्नान्की यांनी १९८३ मध्ये मांडलं. हे पुढं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. काही गुंतवणुकी मागे फिरवता येत नाहीत. बँकेतली एफडी मोडता येते. लोखंडात घातलेला पैसा मोडता येत नाही, मोडला तर भंगाराच्या भावानं. म्हणून पुढचं काही दिसेनासं झालं की थांबण्यालाच किंमत येते. चार महिन्यांनी जास्त कळेल, तोवर पैसा हातात राहील.

माझ्या हिशेबातही सगळं एका आकड्यावर अडलं होतं. सुगीला पोती किती येतील? मजुरी बुडाली होती, त्यामुळं रोख पैशासाठी लोक भात निघाल्या निघाल्या व्यापाऱ्याला विकतील अशी शक्यता होती. उलट, पुढं काय होईल या धास्तीनं सगळा भात घरातच ठेवतील अशीही होती. त्यात एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळायला लागलं होतं, ते नोव्हेंबरपर्यंत चालणार होतं. फुकटचा तांदूळ घरात असताना सडायला भात कोण आणेल? मी त्या रकान्यात पन्नास घातले, तोटा दिसला. दोनशे घातले, नफा दिसला. खरा आकडा मला कुणीच सांगू शकत नव्हतं.

म्हणून मी थांब म्हणाले. इथवर मला माझी लाज वाटत नाही.

थांबण्याची बेरीज

अडचण पुढं सुरू होते. मी थांबले म्हणून दादाचा हलर अडला. हलर अडला म्हणून नाशिकच्या दुकानदाराचा माल पडून राहिला. त्याचा माल पडून राहिला म्हणून त्यानं कंपनीकडं नवी मागणी नोंदवली नाही. अंबडमध्ये ज्या कारखान्यात मी हिशेब लिहायचे, तिथं सुटे भागच बनत. म्हणजे साखळी धरून चालत गेलं तर माझ्या अर्ध्या पगाराच्या टोकाला कुठंतरी मीच उभी होते.

केन्सनं १९३६ मध्ये हे मोठ्या पटावर मांडलं होतं. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाण्यासारखं वागावं आणि सगळ्यांनी मिळून खड्ड्यात जावं, असं होऊ शकतं. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. माणसं कारखाने काढतात ती निव्वळ हिशेब करून नव्हे. काहीतरी करावं अशी एक आतली ऊर्मी असते, ती विझली की नुसता हिशेब उरतो, आणि नुसत्या हिशेबातून कुणी कारखाना काढत नाही.

मग अशा वेळी धाडस करणं हे कर्तव्य होतं का? २०२० च्या उन्हाळ्यात टीव्हीवर बरेच जण तसं बोलत होते. संकटात संधी शोधा, घाबरू नका. मला त्या बोलण्याचा राग यायचा. ज्याचं बुडणार आहे त्याला धाडस शिकवणाऱ्याचं स्वतःचं काय बुडणार असतं?

शेठ आणि बँक

जुलैत मी कामावर परतले. आमच्या शेठनी २०२० मध्ये आणखी एक सीएनसी मशीन घ्यायचं ठरवलं होतं. मे महिन्यात केंद्र सरकारनं छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटींची कर्जहमी योजना जाहीर केली होती. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज थकबाकी होतं त्याच्या २० टक्के नवं कर्ज, तारण काही नाही, बुडालं तर बँकेला सरकार पूर्ण भरपाई देणार. बँकेतून शेठना स्वतःहून फोन आला. कागद मीच तयार केले.

पैसे आले. शेठनी कामगारांचे थकलेले पगार दिले, कच्च्या मालाची उधारी फेडली, उरलेल्याची एफडी केली. मी विचारलं, ‘शेठ, मशीनचं काय?’ ते म्हणाले, ‘मॅडम, पैसे दिले तर मशीन उद्या दारात येईल. ऑर्डर येईल का, ते कोण सांगणार?’

तेव्हा मला ते वाक्य नेहमीच्या कुरकुरीसारखं वाटलं. नंतर कळलं की अख्ख्या योजनेचं वर्म त्यात होतं. सरकारनं हमी घेतली होती ती कर्जाची. म्हणजे बँकेची भीती काढली होती. शेठची भीती वेगळी होती. त्यांचा माल घेईन असा शब्द कुणीच दिलेला नव्हता. त्या योजनेनं पगार झाले, कारखाना तगला, पस्तीस घरांत चूल पेटली. हे मी हिशेबाच्या वहीत स्वतः पाहिलंय, त्यामुळं योजनेला नावं ठेवणार नाही. पण तगणं वेगळं आणि नवं उभारणं वेगळं.

पुण्यातला हलर

त्याच महिन्यांत पुण्यात कुणीतरी नवं उभारत होतं. सीरम इन्स्टिट्यूटनं ऑक्सफर्डच्या लशीचं उत्पादन चाचण्यांचे निकाल यायच्या आधीच सुरू करायचं ठरवलं. लस निकामी ठरली असती तर तयार डोस फेकून द्यावे लागले असते. डिसेंबरअखेर कंपनीकडं सुमारे चार-पाच कोटी डोस साठवलेले होते. ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं.

ही गोष्ट आपल्याकडं धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. घरची कंपनी असल्यामुळं भागधारकांना उत्तरं द्यावी लागत नाहीत, म्हणून झटपट ठरवता आलं, असं अदर पूनावाला यांनी स्वतः सांगितलं होतं. पण तिचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. ऑगस्ट २०२० मध्ये गेट्स फाउंडेशन आणि गावी ही लसविषयक जागतिक संस्था यांनी सीरमला १५ कोटी डॉलर आगाऊ द्यायचं ठरवलं, सप्टेंबरमध्ये तेवढेच आणखी. लस चालेल की नाही हे माहीत नसताना. त्या बदल्यात गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी डोस राखले गेले आणि एका डोसला जास्तीत जास्त तीन डॉलर ही किंमत बांधली गेली.

हा इसारच होता. आमच्या दादानं दुकानदाराला दिलेल्या पाच हजारांसारखाच. माल अजून हातात नाही, पण मी घेणार आहे, हे त्यातून ठरलं.

पीपीई किटचंही तेच. साथ आली तेव्हा आपल्याकडं ते जवळपास बनतच नव्हते. दोन-तीन महिन्यांत रोज लाखोंनी बनायला लागले. रेनकोट आणि कपडे शिवणाऱ्यांनी यंत्रं बदलली, कारण एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीमार्फत खरेदी होणार हे त्यांना माहीत होतं. शेठना व्याज जितकं स्वस्त होतं तितकंच त्यांनाही होतं. फरक एवढाच की त्यांना घेणारा दिसत होता.

एकतीस घरं

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. मी नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याशी भांडण केलं नाही. आईच्या बचत गटाची वर्गणी मार्चपासून थांबली होती, त्यामुळं बावीस हजार मिळायची आशाही गेली होती. तो नाशिकला जाऊन दुकानदाराला भेटला. दुकानदार म्हणाला, ‘इसार बुडवत नाही. दिवाळीपर्यंत मशीन धरून ठेवतो. त्यापुढं मला जमायचं नाही.’ दुकानदाराचं स्वतःचं दुकान अडीच महिने बंद होतं, हे लक्षात घ्या.

नवरात्राच्या सुमाराला, एका संध्याकाळी दादा पाड्यावर घराघरांत गेला. त्यानं प्रत्येक ओट्यावर एकच प्रश्न विचारला. मी हलर आणला तर तुम्ही तुमचा भात माझ्याकडं आणाल का? रोख नसेल तर रोख नको. कोंडा आणि कणी मला राहील, तांदूळ तुमचा. ज्याला कोंडा घरी न्यायचा असेल त्यानं पोत्यामागं ठरलेले पैसे द्यायचे.

मी त्या दिवशी सुट्टीला घरी होते, म्हणून त्याच्याबरोबर फिरले. माझ्या मोबाइलमधल्या ज्या रकान्यात मला काय लिहावं ते सुचत नव्हतं, तो दादा घरोघर जाऊन भरत होता. कुणी म्हणालं तीन पोती, कुणी पाच. एक म्हातारबाबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘दोन पोती आणीन. जगलो तर.’ कुणी हसलं नाही. त्या दिवसांत ते हसण्यासारखं नव्हतं.

सत्तर घरांपैकी एकतीस घरांनी शब्द दिला. आईनं चार शेळ्या विकल्या, अठ्ठावीस हजार आले. बचत गटातल्या बायकांनी आपापसात पुन्हा वर्गणी काढून दहा हजार दिले, कारण पोतं घेऊन जीपवर चढण्याचा त्रास त्यांचाच होता. चौदा हजार होळीपर्यंत द्यायचे असं दुकानदारानं मान्य केलं. दसरा झाला आणि हलर घाट ओलांडून पाड्यावर आला. माझा त्यात एक रुपया नव्हता.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी व्हिडिओ काढला. तो मी कुठंच टाकला नाही. ज्यात आपण काही घातलं नाही त्याचा अभिमान कसा मिरवायचा, हे मला कळत नव्हतं.

मे २०२१

इथं गोष्ट संपली असती तर तिचं तात्पर्य सोपं होतं. दादा धाडसी, मी भित्री. पण दुसरी लाट यायची होती.

२१ एप्रिल २०२१ या एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा तुटून २२ रुग्ण गेल्याचं त्या दिवशी कळलं. त्याच दिवशी सीरमनं लशीचे नवे दर जाहीर केले. तोवर केंद्र सरकारला १५० रुपयांना मिळणारा डोस राज्यांना ४०० रुपयांना आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना देणार होते. त्यावर गदारोळ झाला आणि आठवड्याभरात राज्यांचा दर ३०० वर आला.

मे महिन्यात बाबांना ताप आला. तिसऱ्या दिवशी धाप लागली. नाशिकला न्यायचं ठरलं. गाडीचं भाडं, रुग्णालयाची अनामत, इंजेक्शन. दादाकडं पैसा होता, पण तो लोखंडाच्या रूपात ओट्यावर उभा होता. विकायला शेळ्या उरल्या नव्हत्या. बर्नान्की यांनी लिहिलेलं मी फार नंतर वाचलं. ते समजायला मला काहीच वेळ लागला नाही, कारण त्या रात्री मी ते पाहिलं होतं. दादा हलरजवळ बसून होता आणि त्या यंत्रातून शंभराची नोटसुद्धा निघत नव्हती.

माझ्या खात्यातले छत्तीस हजार तोवर अठ्ठेचाळीस झाले होते. ते सगळे गेले आणि वर उसने घ्यावे लागले. बाबा अकरा दिवसांनी घरी आले.

दादा मला म्हणाला, ‘बरं झालं तू तेव्हा दिले नाहीस.’

त्याच्या या वाक्यानं मी सुटले असं तुम्हाला वाटेल. मलाही काही दिवस वाटलं. पण खरं सांगायचं तर जूनमध्ये मी पैसे अडवले तेव्हा बाबांच्या आजारपणाचा विचार माझ्या मनात नव्हता. मी ते माझ्यासाठी अडवले होते. नोकरी गेली तर काय, एवढंच डोक्यात होतं. ते बाबांच्या कामी आले हा योगायोग. मी दादाला तेव्हाच सांगू शकले असते की हे पैसे हलरसाठी नाहीत, पण घरात काही झालं तर हे आहेत, तू तुझे बिनघोर घाल. तेवढं बोलले असते तर तेही एक प्रकारे हलरमध्ये घातल्यासारखंच झालं असतं. कारण कुणाचं तरी पाठबळ आहे हे माहीत असलेला माणूस वेगळ्या मनानं पाऊल टाकतो. मी ते बोलले नाही. दादानं ते पाऊल पाठीमागं काही नाही असं समजून टाकलं.

थांबण्याबद्दलचा माझा प्रश्न इथं येऊन थोडा बदलला. पैसा घालणं चांगलं आणि राखणं वाईट, असं नाही. घरात दोन्ही लागतं, देशातही. रोकड धरून बसलेल्या प्रत्येक कंपनीला कंजूष म्हणण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे की राखलेलं कुणासाठी राखलंय, आणि ते त्या माणसाला सांगितलंय का. आमच्या शेठनी एफडी केली तेव्हा कामगारांना बोलावून सांगितलं होतं की सहा महिन्यांचे पगार यात आहेत, पुन्हा बंद झालं तरी कुणी गावाला पळू नका. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा आमच्या कारखान्यातला एकही माणूस गेला नाही. मशीन घेतलं नाही म्हणून ते भित्रे होते असं मला आता म्हणवत नाही.

शब्दाचं ओझं

आणखी एक प्रसंग सांगते आणि थांबते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये डिझेलनं राज्यात कित्येक ठिकाणी शंभरी ओलांडली. भात पिवळा पडला होता. दादानं ठरवलं, कोंडा घरी नेणाऱ्यांना पोत्यामागं दहा रुपये वाढवायचे. हिशेबानं ते बरोबरच होतं, या वेळी तर मीच करून दिला होता.

पहिल्याच दिवशी त्या म्हातारबाबांची सून आली. म्हातारबाबा आदल्या एप्रिलमध्ये वारले होते. तपासणी झालीच नव्हती, त्यामुळं कशानं गेले ते कुणी सांगू शकत नाही. सुनेनं दोन पोती उतरवली, दर ऐकला आणि म्हणाली, ‘भाऊ, आमच्या म्हाताऱ्यानं शब्द दिला होता. त्यानं पाळला. आता तू तुझा बघ.’

दादा काही बोलला नाही. रात्री आम्ही पुन्हा बसलो. हलर आला तो कुणामुळं? एकतीस घरांनी भात आणला नसता तर शेळ्या गेल्या असत्या आणि यंत्र गंजलं असतं. जोखीम दादाची होती, हे खरं. पण ती एकट्याची नव्हती. वाटून घेतलेली जोखीम फळाला आली तर फळ एकट्याचं कसं? शेवटी असं ठरलं की त्या एकतीस घरांना तो हंगाम जुनाच दर, बाकीच्यांना पाच रुपये जास्त. त्यात दादाला थोडं कमी सुटलं. हंगाम मात्र पार पडला.

लशीच्या दरावरून झालेला वाद मला तेव्हापासून नीट समजतो. उद्योजकानं नफा घेऊ नये असं त्यात काही नव्हतं. आगाऊ पैसा देणाऱ्यांनी किंमत बांधून घेतली होती, तो त्यांचा शब्द आणि कंपनीचा शब्द. ज्यांनी काहीच लेखी बांधून घेतलं नव्हतं त्यांना बाजार जे सांगेल ते. आपल्या सरकारनं सीरमला तीन हजार कोटींची आगाऊ रक्कम मंजूर केली तीही एप्रिल २०२१ मध्ये, लाट डोक्यावर आल्यावर. उशिरा दिलेला इसार हा इसार नसतो, ती निकडीची खरेदी असते. आणि निकडीत असलेल्याला भाव करता येत नाही, हे बाबांना घेऊन नाशिकला पोचलेल्या आम्हाला कुणी शिकवायला नको.

साथीच्या काळात गुंतवणूक कशावर ठरते, असं कुणी विचारलं तर व्याजदर, कर, मागणी, धोरण अशी यादी देता येते. ती खोटी नाही. पण त्या वर्षी मी जे पाहिलं त्यात दर वेळी एक माणूस दुसऱ्याला आधी काहीतरी सांगून बसला होता. दुकानदारानं सांगितलं, दिवाळीपर्यंत धरतो. बायकांनी सांगितलं, वर्गणी काढतो. म्हातारबाबांनी सांगितलं, दोन पोती आणीन. पुढं काय होणार हे यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी पुढच्या काळाचा एक तुकडा प्रत्येकानं आपल्यापुरता नक्की केला, आणि त्या तुकड्यांवर पाय ठेवत दादा पलीकडं गेला. धाडसाचं कौतुक करणाऱ्यांनी आधी आपण यातलं काय सांगितलं होतं ते आठवावं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

आता दादाला हलरशेजारी नागली दळायची चक्की लावायची आहे. खर्च साठ हजार. गेल्या महिन्यात त्यानं फोनवर विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मी म्हणाले, ‘वीस माझे. आणि आणखी वीस मी बाजूला ठेवतेय, ते चक्कीसाठी नाहीत. घरात कुणाला काही झालं तर आहेत. तुला माहीत असू दे.’

थोडा वेळ फोनवर नुसता इंजिनाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, ‘बरं.’ आणि पोतं उतरवायला गेला.